रिकॉल आलाच नाही

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. गाडी ऑटोमॅटिक, किंमत रस्त्यावर येईपर्यंत अकरा लाख चाळीस हजार. गाडीत माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि मागच्या सीटवर सासूबाई. वेग ताशी एकशे चार किलोमीटर, आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता.

हे शेवटचं वाक्य मी आजवर सतरा जणांना सांगितलं आहे. चौघांचा विश्वास बसला. (त्यातल्या दोघांकडे गाडीच नाही.)

भानगड सुरू झाली त्याच्या महिनाभर आधी, एका फोनने. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. सर्व्हिस सेंटरची मुलगी म्हणाली, "सर, तुमची गाडी सेफ्टी रिकॉलमध्ये आहे." साहेब माझ्याकडे बघत होते. 'री' म्हणजे पुन्हा आणि 'कॉल' म्हणजे फोन, एवढं इंग्रजी मला येतं. मी तोंडावर हात धरून म्हणालो, "हो, करा. सहानंतर करा."

"सहानंतर बंद असते सर."

"मग उद्या सकाळी नऊला करा."

"ठीक आहे सर, नऊचं लिहून घेते."

तिने नऊला गाडी येणार असं लिहिलं. मी नऊला फोन येणार असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी नागपुरात बेसाला असलेल्या आमच्या घराच्या गच्चीवर, जिथे रेंज चांगली मिळते तिथे, पंचेचाळीस मिनिटं फोन हातात धरून उभा राहिलो. फोन नाही. आठवडाभर वाट पाहिली आणि तक्रार करायला मीच फोन लावला.

"मॅडम, तुमचा रिकॉल अजून आला नाही."

"सर, रिकॉल तर कधीचा निघाला आहे न. सिस्टीममध्ये दाखवून राहिलं."

"इकडे साधा मिस्ड कॉलसुद्धा नाही. मी सगळे तपासले."

"सर, तुम्ही एकदा इकडे येऊन जा न."

"फोन घ्यायला मी तिकडे येऊ?"

मग तिने मला होल्डवर टाकलं. अकरा मिनिटं सनई ऐकून मी फोन ठेवला आणि सुनंदाला सांगितलं की, हल्लीच्या कंपन्यांना दिलेल्या शब्दाची किंमत राहिली नाही.

सासूबाई संक्रांतीला आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना रामटेकला सोडायला त्या रविवारी आम्ही निघालो. सुनंदाला गाडी चालवायची फार हौस. पण गाडी आली त्या दिवशीच मी अट घातली होती: आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक पूर्ण वाचायचं, मग स्टिअरिंगला हात लावायचा. तीनशे बारा पानं आहेत, म्हटलं प्रश्न मिटला. (मी स्वतः ॲव्हरेजच्या पानापर्यंत वाचलं होतं. ते सहावं पान.)

शहर मागे पडलं. एका ट्रकला ओव्हरटेक करायला मी पॅडल दाबलं, गाडी पुढे गेली, मी पाय उचलला. पॅडल मात्र खालीच राहिलं.

आकडा दिसला की मोठ्याने वाचायची मला सवय आहे. "ब्याऐंशी," मी म्हणालो. "नव्वद."

मागून सासूबाईंनी कौतुक केलं, "आज बढिया हाणून राहिले जावईबापू. येताना तर बैलगाडीच होती."

मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी तो दगडासारखा घट्ट झाला. जळका वास सुटला. "एकशे चार," मी म्हणालो. समोर टोलनाका दिसत होता. रांगेत शेवटी एक टेम्पो, त्यात लग्नाला निघालेल्या बाया उभ्या, एकीच्या कडेवर लेकरू. आमचं जे व्हायचं ते होईल, पण त्या लेकराचं काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि हात स्टिअरिंगला चिकटले होते.

"रामा," मागून आवाज आला, "समद्यायले सुखरूप ठेव. जावयाच्या वजनाइतका गूळ वाहीन तुले."

"अहो, न्यूट्रल करा," सुनंदा म्हणाली.

"चालत्या गाडीत?"

"पान एकशे अठ्ठ्याऐंशी." आणि तिने स्वतःच लिव्हर धरून ढकललं. इंजिन रिकामंच किंचाळायला लागलं. "आता ब्रेक दाबा. सारा जोर लावा. सोडू नका."

मी जवळजवळ उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा टेम्पो एकोणीस पावलांवर होता. (नंतर मोजली.) तिने बटण दाबून इंजिन बंद केलं. टेम्पोतलं लेकरू आमच्याकडे बघून हसत होतं. मला रडू आलं. गाडी थांबल्यावर सासूबाई पहिल्यांदा बोलल्या त्या एवढंच, "गूळ चांगला पिवळा घ्यायचा वं, सुनंदे. काळा चालत नाही देवाले."

सासूबाई बसने पुढे गेल्या आणि आमची गाडी ट्रकवर चढून नागपूरला परतली. सर्व्हिस सेंटरमध्ये तीच मुलगी होती.

"सर, रिकॉल म्हणजे फोन नाही," ती हळूच म्हणाली. "त्या मॉडेलच्या पॅडलमध्ये दोष निघाला, म्हणून कंपनीने गाड्या वापस बोलावल्या. तुमची तुम्ही आणायची होती."

ती हसली नाही. पाणी आणायला म्हणून वळली तेव्हा तिचे खांदे मात्र हलत होते. मेकॅनिकने पंचवीस मिनिटांत पॅडल बदललं. बिल शून्य. मी दोघांचे हात जोडून आभार मानले. सुनंदाचे कसे मानायचे ते सुचेना, म्हणून तिला किल्ली दिली.

पुढच्या रविवारी नवस फेडायला सुनंदाच गाडी चालवत मला रामटेकला घेऊन गेली. (चालवणं तिने भावाच्या गाडीवर केव्हाच शिकून घेतलं होतं, हेही मला त्याच दिवशी कळलं.) सासूबाई किराणा दुकानासमोर वाट पाहत होत्या. मी दुकानदाराला म्हणालो, चौऱ्याहत्तर किलो गूळ द्या. गेली सहा वर्षं प्रत्येक फॉर्मवर मी हेच वजन लिहीत आलो आहे.

"देवाचं काम आहे, अंदाजानं नाही चालत," असं म्हणून सासूबाईंनी मला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. शहाऐंशी.

"काटा खराब दिसतो," मी म्हणालो. दुकानदाराने पन्नास किलोचं सीलबंद पोतं ठेवून दाखवलं. बरोबर पन्नास.

मी सासूबाईंकडे पाहिलं. नवस त्या बोलल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "नवस माझा, जावईबापू. वजन तुमचं."

दुरुस्तीचे कंपनीला शून्य रुपये. गुळाचे दुकानदाराला, पंचावन्न रुपये किलोने, चार हजार सातशे तीस. त्यातले सहाशे साठ मी सहा वर्षं लपवलेल्या बारा किलोंचे. सगळे रोख दिले आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही, कारण काट्यावर उभं राहायला मी शिल्लक होतो. आणि तोही पूर्ण शहाऐंशी किलो.