सांधा कुणाचा बसेना

मल्लप्पा दार लावायचा आणि दोन पावलं गेल्यावर परत येऊन ते ओढून बघायचा. होटगी स्टेशनात सांधेवाला होता तो. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घेणारा सांधा नीट बसला का, हे बघण्यात जन्म गेलेला. मीठ पुरेसं पडलंय का हेसुद्धा “सांधा बसला का?” असंच विचारायचा. आमची भिंतीला भिंत, मला आक्का म्हणायचा.

एवढं तपासणारा माणूस, पण मूल होईना तेव्हा स्वतःला तपासून घेतलं नाही. बायकोला, निंगव्वाला मात्र अठरा वर्षं दवाखाने दाखवले. डॉक्टरीण एकदा म्हणाली, नवऱ्यालाही तपासू. तर हा म्हणतो, “इंजन ठीक हाय बाई, डबाच रुळावर न्हाय.” गल्लीतल्या बायका हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू? बारशाला निंगव्वाला कुणी बोलवत नसे. मीही नाही.

मग त्याला कॅन्सर झाला. डॉक्टरांनी मुलं किती विचारलं, वीर्य तपासलं, रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्ट सांगितला तेव्हा मी शेजारीच बसले होते. बीज तयार होताना म्हणे आईकडच्या-बापाकडच्या गुणसूत्रांच्या जोड्या आधी जुळाव्या लागतात, मगच नीट सुट्या होतात. त्या कामाचं एक प्रोटीन याच्यात जन्मापासून बिघडलेलं, म्हणून बीजच धरलं नाही. तेच प्रोटीन पेशींमधली मोडतोडही दुरुस्त करतं. ते होईना, म्हणून कॅन्सर.

मल्लप्पानं रिपोर्टाची घडी घालून माझ्याकडं ठेवायला दिली. मग म्हणाला, “म्हंजे सांधा माझाच बसत नव्हता की.”

माझ्या पणतीच्या बारशाला तो काठी टेकत, निंगव्वाला बरोबर घेऊन बायकांत आला. “निंगी वांझ न्हाय. दोष माझ्यात हाय. आज बाळ तिला पाळण्यात घालू द्या.” दुखण्यात माणूस काहीबी बोलतंय, बायकोवर लई जीव, असं म्हणत बायकांनी त्याला खुर्ची दिली. बाळ दुसरीनं पाळण्यात घातलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, “आक्का, तुमी ऐकलंय. सांगा की.” मी म्हटलं, पाहुणे जाऊ देत, मग सांगते. घर माझं, पणती माझी, आणि मी पाहुण्यांना भ्याले.

आठवड्यात तो गेला. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी एकजण सगळ्यांदेखत म्हणाली, पोर न्हाय ते न्हाय, नवराबी गिळला. तेव्हा मात्र मी रिपोर्ट काढला आणि डॉक्टर बोलले ते सांगायला लागले.

निंगव्वानं उठून कागद माझ्या हातातून काढून घेतला.

“नको आक्का. मेलेल्या माणसाला नावं ठेवतील.”