गावपळणीच्या दिवशी जंपसीट

कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते. तिला जंपसीट म्हणतात. तपासणीला आलेले अधिकारी तिच्यावर बसतात, आणि विमान भरलेलं असेल तर घरी निघालेला एखादा वैमानिकही. तो दुसऱ्या कंपनीचा असला तर दोन्ही कंपन्यांमध्ये तशी समजूत असावी लागते. तो आजही त्या कंपनीत नोकरीला आहे याची खात्री करून घ्यावी लागते. एवढं सगळं होऊनही विमानाचा कमांडर नाही म्हणू शकतो, आणि त्याला कारण द्यावं लागत नाही. हे सौजन्य मी अनेकदा मागितलं आहे आणि बहुतेक वेळा मला ते मिळालं आहे.

त्या डिसेंबरात मला ते कधी नव्हे इतकं हवं होतं. आमच्या गावची गावपळण होती.

आमच्याकडे काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस शिवेबाहेर राहायला जातं. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर असतात. मागे एकही चूल पेटत नाही. शिवेपलीकडच्या माळावर प्रत्येक घर बांबू आणि माडाच्या झावळ्यांची झापं घेऊन आपापली राहुटी घालतं. वडील गेले आणि आमच्या घराची राहुटी बंद झाली. मागच्या खेपेला मी प्रशिक्षणात होतो. आईने ते तीन दिवस चुलत्यांच्या राहुटीत, भांड्यांच्या बाजूला, एका कोपऱ्यात काढले. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. या वेळी कौल झाला त्याच दिवशी तिचा फोन आला.

"येतलंस मां?"

"येतंय. रजा एकच दिवस गावतली, पण आपली राहुटी मीच घालतलंय."

"बघ हां. मी लोकांका सांगान टाकतंय."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. शिकायला जामसंड्याला राहिलो तेव्हा गावातली माणसं एसटीच्या कंडक्टरकडे माझ्यासाठी तांदूळ आणि सुके बांगडे देत. त्यातल्या कोणीही मला ते कधी ऐकवलं नाही. त्या माणसांसमोर आईचा शब्द खाली पडू नये, एवढंच मला वाटत होतं.

सुट्ट्यांचे दिवस होते. मी हैदराबादला होतो; तिथून गोव्याला जाणाऱ्या एकाही विमानात तिकीट नव्हतं, आणि रेल्वेने गेलो असतो तर गावपळण निम्मी संपली असती. जंपसीट मागायला दुसऱ्या एका कंपनीच्या सकाळच्या विमानाच्या गेटवर गेलो. तिथल्या मुलीने माझं कंपनीचं कार्ड घेतलं, नाव टाइप केलं, परत टाइप केलं.

"सर, तुमचं नाव येत नाहीये."

"कार्ड तर नवं आहे."

"कार्ड आहे सर. यादीत तुम्ही नाही."

मी नुकतीच कंपनी बदलली होती. जुन्या कंपनीने माझं नाव काढलं होतं आणि नव्या कंपनीने ते अजून पुढे कळवलं नव्हतं. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. नुसतं कार्ड आणि पडलेला चेहरा पाहून कोणी कॉकपिटचं दार उघडू नये, हे मला तिच्याइतकंच पटत होतं. विमान गेलं. मी काचेजवळच्या बाकावर गणवेशात बसून राहिलो. गणवेश पाहून लोक मला दुसरी गेट आणि स्वच्छतागृहं विचारत होते. एका वयस्कर बाईंनी विचारलं, "कॅप्टन, आमचं विमान वेळेवर नेणार ना?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

आमच्याकडे अनोळखी माणसाला नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कोणाचो रे तू?" बापाचं नाव सांगितलं, वाडी सांगितली, की माणूस ओळखीचा होतो. त्या बाकावर कोणी मला तसं विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. जुन्यांचा मी उरलो नव्हतो आणि नव्यांचा अजून झालो नव्हतो.

आईचा फोन आला. मागे बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत होत्या. लोक निघाले होते.

"खंय पोचलंस?"

"अजून हयच आसंय."

"जागा नाय विमानात?"

"जागा आसा गो. पण मी कोण, ता तेंका गावणा नाय."

"म्हणजे? तू कोण ता तेंका ठावक नाय? दी फोन तेंका. मी सांगतंय."

माझ्या नव्या कंपनीच्या क्रू ऑफिसमधल्या एका माणसाने, ज्याला मी अजून पाहिलेलंही नाही, फोनवर माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि दुपारच्या विमानाआधी माझी नोंद करून दिली. गेटवरच्या मुलीने मी दिलेला ऑफिसचा नंबर बाजूला ठेवला. आपल्याकडे नोंदलेल्या नंबरवर फोन लावून तिने खात्री केली, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला, लायसन्स पाहिलं. मग मला कॉकपिटच्या दाराशी नेलं. मी बाहेरूनच विचारलं, "येऊ का तुमच्याबरोबर?"

कमांडरने लायसन्स उलटसुलट करून पाहिलं. कोणतं विमान उडवता, प्रशिक्षण कुठे झालं, शिकवायला कोण होतं, असं सगळं विचारलं. माझे प्रशिक्षक त्यांच्या ओळखीचे निघाले. "या," ते म्हणाले.

जंपसीटवर पाय कुठे ठेवावेत ते कधीच कळत नाही. समोरचा प्रत्येक दिवा ओळखीचा असतो, पण हात मांडीवर ठेवायचे असतात. ते दोघं कालच्या हॉटेलमधल्या इडलीबद्दल बोलत होते. त्यांनी मला कॉफी विचारली, मी नको म्हणालो. घाट ओलांडताना समुद्राची कड दिसली आणि उत्तरेकडे धुरकट किनारा. मला त्यांना सांगायचं होतं की तिथे विजयदुर्गाच्या अलीकडे माझं गाव आहे, आणि आज ते रिकामं झालंय. पण विमान खाली येत असताना कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नसतं, आणि आम्ही दहा हजार फुटांच्या खाली आलो होतो. उतरल्यावर त्यांची कामं सुरू झाली. मी आभार मानले, दोघांशी हात मिळवला आणि निघालो.

मोप्याच्या विमानतळावरून गाडी करून माळावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. राहुट्या उभ्या होत्या, चुली पेटल्या होत्या. एका बाजूला नुसते चार खांब दिसले आणि त्यांच्यामध्ये ट्रंकेवर बसलेली आई. खांब चुलत्यांनी पुरून दिले होते. झापं चढवायला ते आले तेव्हा मात्र तिने हात लावू दिला नव्हता. दुपारभर ती तशीच उन्हात बसली होती.

"इलो गो तुझो पायलट!" शेजारच्या राहुटीतले एक काका ओरडले. "विमान खंय लावलंस रे? मळ्यात?"

"विमान माझा नाय हुता, काका. मागच्या खुर्चेर बसान इलंय."

"म्हणजे क्लीनर!"

सगळा माळ हसला. मीही हसलो. आई हसली नाही. "दात काढू नकात," ती म्हणाली. "तुमका थंय बसाक दितीत काय?"

मी झापं चढवली. माझ्या गाठी सुटत होत्या, चुलते मागून येऊन त्या परत बांधत होते. काळोख पडायच्या आत छप्पर झालं. आईने आत चटई अंथरली, पाण्याची कळशी ठेवली, मग उगीचच बाहेर येऊन दारात उभी राहिली.

"किती दिस आसा झील?" शेजारणीने माझ्याकडे बघत तिला विचारलं.

"तीनय दिस," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला कामावर जायचं होतं, हे तिला माहीत होतं. मी सुंभ आवळत राहिलो.

सकाळी तिने माझी बॅग तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घातली. मी उचलायला गेलो तर माझा हात बाजूला केला आणि पोतं स्वतः डोक्यावर घेतलं. रिक्षा रस्त्यावर उभी होती. पाणवठ्यावरून येणारी शेजारण थांबली.

"खंय गो चललंत?"

"ह्यो तळेऱ्याच्या बाजाराक जाता," आई चालता चालताच म्हणाली. "बांबू आणूक. सांजेक येतलो."