दरमहा एक रुपया, मुदत तीस वर्षं

आमच्या घराण्यात आजवर कोणी भीक मागितलेली नव्हती. तो मान माझा. आणि मागितली तीही कशी? दरमहा एक रुपया, तीस वर्षांच्या मुदतीनं, तीनशे बारा लोकांकडं, एका बोटानं!

झालं असं, की वाळूजमधली नोकरी सोडून मी पिठाचा धंदा काढला होता. (नवरा लोकांना ‘स्टार्टअप’ सांगायचा, सासूबाई ‘गिरणी’ सांगायच्या.) ज्वारी, बाजरी, गहू, जे ठरेल ते पीठ दर महिन्याला घरपोच आणि पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून आपोआप. पीठ तयार होतं. ‘आपोआप’ तेवढं राहिलं होतं.

एका सोसायटीचे सेक्रेटरी सिद्दिकी सर रविवारी अकराला घरी येणार होते. साठ घरं! सर गणिताचे निवृत्त मास्तर. फोनवर म्हणाले, “मॅडम, तुमच्या पिठाची भाकरी खाल्ली, उत्तम आहे. पण पैशासाठी दर महिन्याला साठ दारं वाजवत फिरणार असाल, तर नाय जमायचं. ती आपोआपवाली सोय चालू करून दाखवा, तिथंच सही करतो.” ही सही हुकली, तर मला वाळूजला जाऊन जुन्या साहेबापुढं उभं राहावं लागणार होतं. निघताना मी त्यांना जे बोलले होते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पैसे असे परस्पर आणून देणाऱ्या कंपन्या पण किती! चार दिवस डोकं खपवलं तेव्हा तीन उरल्या. एक स्वस्त होती. दुसरीची भाषा लई गोड होती. तिसरीचा माणूस फोनवर म्हणाला, “मॅडम, आमचं रिमाइंडर असं कडक जातं, की गिऱ्हाईक पैसे भरल्याशिवाय जेवत नाय!”

“तिन्ही चालवून बघ,” नवरा म्हणाला. “एक रुपया लाव. चाचणीच तर आहे.”

शनिवारी सकाळी बसले. ‘ग्राहकांची यादी जोडा’ असं आलं. ग्राहक होते कुठं? मी फोनमधली सगळी नावं जोडली. मला वाटलं, चाचणी म्हणजे आतल्या आत होत असेल! धंद्याचं खातं अजून उघडलं नव्हतं, म्हणून पैसे घेणारीचं नाव माझं टाकलं. मुदत विचारली, तर यादीतली शेवटची ओळ दाबली, तीस वर्षं. असं तिन्हींवर केलं आणि निवांत चहा टाकला. (वाळूजला मी गुणवत्ता तपासनीस होते!)

चहाला उकळी यायच्या आत बिडकीनहून आत्याचा फोन.

“वैशाली, जेवलीस का गं?”

“सकाळचे दहा वाजलेत, आत्या.”

“काल रात्री जेवली होतीस? खरं सांग!”

मी मेसेज उघडून बघितले. पहिला म्हणत होता, ‘वैशाली देशमुख यांना दरमहा एक रुपया देण्यास मंजुरी द्या.’ दुसरा : ‘वैशाली आपल्या होकाराची आतुरतेनं वाट पाहत आहेत,’ आणि पुढं जोडलेले हात. तिसरा : ‘अंतिम सूचना!’

तेवढ्यात लासूर स्टेशनहून मामा. ते वेगळ्याच कारणानं तापले होते. “नुसता रुपया मागतात व्हय? आहेरात वरचा रुपया असतो, खालचे शंभर कुठंयत? मी एकशे एक करायला गेलो, तर ते घेईना!”

“मामा, ती चाचणी होती!”

“व्हय व्हय. नडलेला माणूस असंच बोलतो. उद्या येतो मी.”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन उभ्या. “घरातल्या घरात मेसेज? मागायचं तर तोंडानं मागावं!” आणि माझ्यासमोर एक रुपयाचं नाणं आपटलं.

रविवारी अकराला आमच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. मामांनी ज्वारीचं पोतं आणलं होतं (पिठाचा धंदा करणारीच्या घरी!). आत्या पदर डोळ्याला लावून म्हणत होती, “रात्री तो तिसरा मेसेज परत आला आणि मी ताटावरून उठले गं!” नवरा कोपऱ्यात पेपर उलटा धरून वाचत होता. आणि दारात सिद्दिकी सर! बाहेर चपलांचा ढीग, आत रडणं. ते दबक्या आवाजात म्हणाले, “कोण गेलं?”

“कोणी नाही! या, बसा सर!”

“तुम्हालाही आला का हो?” आत्यानं विचारलं.

“तीनदा,” सर म्हणाले आणि पोत्याशेजारी बसले.

आता लाज कसली! मी सरळ फोन त्यांच्यापुढं धरला. तीनशे बारापैकी दोनशे साठ जणांनी मंजुरी दिलेली. सगळ्यात जास्त त्या कडकवालीला. “बघा सर, चालतंय! आपण हीच घ्यायची.”

सरांनी चष्मा पुसला, आकडे बघितले, एकदा मामांकडं आणि एकदा पोत्याकडं बघितलं आणि खिशातून पेन काढून सही केली. साठ घरं! मला रडूच आलं. मामांनी पाठीवर थाप मारली, सासूबाईंनी सगळ्यांपुढं साखर ठेवली. मी जिंकले होते, माझ्या पिठाच्या जोरावर!

सरांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बेटा, कालच मीटिंग घेतली. सगळ्यांना समजावलं, पीठ कसं का असेना, बाई अडचणीत आहे, घ्या. हिंमत नहीं हारना.”

आज साठच्या साठ घरांत माझं पीठ जातं आणि पैसे पहिल्या तारखेला आपोआप येतात. पिठाची एकही तक्रार नाही. एवढ्या नडलेल्या बाईच्या पिठाला नावं कोण ठेवणार!