कोंबड्या घरात निजवणारी

दिवस कलला की ती ओसरीवर बसायची आणि एकेक कोंबडी मांडीवर घेऊन तिची गळ्याखालची थैली चाचपायची. थैली रिकामी लागली तर आधी मूठभर ज्वारी, मगच घरात. "उपाशी निजू नये कुणी," म्हणायची. आमची भिंत एकच, त्यामुळे हा कार्यक्रम मला रोज ऐकावा लागायचा.

पेडगावात बाकी सगळ्यांच्या कोंबड्या डालग्याखाली झाकतात. हिच्या मात्र हिच्या अंथरुणाशेजारी. वास तर असा यायचा की विचारू नका. मी एकदा म्हणालो, "वहिनी, नवऱ्याला डालग्याखाली झाका, जागा तरी होईल."

"त्यायला कोण न्यायलंय, भाऊजी?"

तिचं वैर रानमांजराशी. एकदा परसाच्या कुडाखालून त्याने तिच्या कोंबडीचा पंख धरला. हिने आतून पाय धरले. बराच वेळ ओढाताण चालली, शेवटी मांजरच पळालं. हिचा हात कोपरापर्यंत ओरबाडलेला. "आपली हाय म्हणल्यावर सोडायची का?" हळद लावलेला तो हात ती गल्लीभर मिरवत होती, आणि आम्ही सगळे हसत होतो.

दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जायची. ट्रॉलीत भांडी, गोधड्या आणि कोंबड्या. तिकडे उसाच्या फडाशेजारी राहायला पाचटाची कोपी, आणि तिथेही कोंबड्या आतच. नवऱ्याने गेल्या हंगामात सांगून पाहिलं, इथं बिबट्या फिरतो म्हणतात. ती म्हणाली, "मग तर आतच बऱ्या."

तो हंगाम संपायच्या आधीच नवरा एकटा परत आला. कोंबडीपायी बिबट्याने तिला मारल्याचं आम्हाला फोनवर कळलंच होतं. मला तिचं वाईट वाटतं, आणि खरं सांगतो, रागही येतो. एका कोंबडीसाठी माणसाने जायचं का?

तो माझ्या ओट्यावर बसला. चहा घेतला नाही. पहाटे ती भाकरी थापत होती, म्हणाला. पाचटाखालून काहीतरी कोंबडी ओढायला लागलं. तिने पिठाच्या हातानेच कोंबडीचे पाय धरले आणि ओढीबरोबर खांद्यापर्यंत बाहेर गेली.

"सोड म्हणलो मी, दादा. लय वरडलो. तर म्हणती, 'रानमांजर हाय वो, मला काय करतंय.' हसायली व्हती ती."