ऑफिसातला आवाज

मुलाकडे अमेरिकेत आलो की संध्याकाळी बागेतल्या बाकावर शेजारच्या कृष्णवर्णीय ग्लोरियाबाई भेटतात. काल मी त्यांना फोनमधलं बोलणारं यंत्र ऐकवलं आणि म्हटलं, "हुबेहूब तुमच्या लोकांसारखं बोलतं बघा." कौतुक कुठे करू नये, हे मला कौतुक करून झाल्यावर कळतं.

ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला होते तेव्हा साहेब म्हणायचा, हे बोलणं घरी ठेव, गोऱ्यांसारखं बोल. परवा माझ्या नातीला याच बोलण्यापायी नोकरी नाकारली. यंत्राला मात्र दिली."

माणूस वगळून नुसता सूर मिळाला, की तो सगळ्यांना गोड लागतो. मलाही लागला होताच की.

मी फोन खिशात घातला. "रागावलात का?"

बाई उठल्या आणि त्या ऑफिसातल्या गुळगुळीत आवाजात म्हणाल्या, "मुळीच नाही, सर. आणखी काही मदत करू?"