आत्यांनी पारखलेलं चंद्रावरचं ठाणं

आत्या कुठलीही वस्तू नुसती बघून चांगली किंवा वाईट म्हणत नसत. "बगून काय कळतंय? वापरू दे आदी," हे त्यांचं ठरलेलं. दारावर बोहारीण आली की तिच्याकडचं पातेलं पाण्यानं भरून उंबऱ्यावर ठेवायच्या आणि तिलाच सांगायच्या, "जा, आळीत फिरून ये. तवर ह्ये बसू दे हितं." ती परत येईपर्यंत उंबरा कोरडा राहिला तरच जुनी लुगडी बाहेर निघायची. लोणावळ्यात राहून चिक्कीलाही सुटका नव्हती. तुकडा फरशीवर टाकायच्या, कान देऊन ऐकायच्या. "वाजली पायजे. मुकी चिक्की दाताला चिकटती," म्हणायच्या. दुकानदार त्यांना लांबून येताना बघूनच हसायला लागत.

त्यांचं माहेर लोहगडवाडी. मालक लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. पुतण्याला आणि त्याच्या बायकोला जवळ घेऊन लोणावळ्यातल्या भांगरवाडीत त्या खाणावळ चालवायच्या. जेवायला येणाऱ्यांची नावं त्या लक्षात ठेवत नसत, गावं ठेवत. रेल्वेतल्या भाऊंना "कर्जत" म्हणायच्या, मला "उस्मानाबाद". "ए उस्मानाबाद, ताक घे. आन् कर्जतला सांग, तिसरी वाटी मिळायची न्हाई." पहिल्या दिवशी ते ऐकून मला रडूच आलं. गाव सोडून आल्यावर गावाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती.

सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे आमच्याकडे ती कोरडी वर्षं आली. विहिरी खडखडीत झाल्या, आई घागर घेऊन कोसभर जायची. ओळखीच्या एका माणसाचा धागा धरून विशीच्या आतबाहेर मी लोणावळ्याला पोचलो आणि प्लॅस्टिकच्या वस्तू काढणाऱ्या एका छोट्या शेडमध्ये लागलो. खाणावळीत आत्यांनी मलाही पातेल्यासारखंच पारखायला घेतलं. "आठ दिस जेव. मंग सांगते, ठेवते का न्हाई." मी इतका धसका घेतला की अर्ध्या भुकेनं उठायचो आणि ताट मात्र घासल्यासारखं लख्ख करून ठेवायचो. शेवटी त्या म्हणाल्या, "ताट चाटून पुसून ठिवतोस, आनि भाकरी मागत न्हाईस. भितोस कुनाला रं? ऱ्हा हितं." आणि न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

शेडमध्ये आम्ही साबणाच्या डब्या आणि फण्या काढायचो. माझं काम साच्यातून निघालेल्या मालाच्या कडा पात्यानं छाटायचं. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमच्या शेठना ते वेड लागलं. त्यांनी नवे साचे करवून घेतले आणि एक लहानसं खेळणं काढलं. एकात एक बसणाऱ्या करड्या-निळ्या विटा, चार चाकं, वाटीएवढा पारदर्शक घुमट आणि डोक्यावर गोल टोप घातलेला बोटभर माणूस. खोक्यावर चित्र होतं, चंद्रावरचं ठाणं आणि पुढे उभी गाडी. शेठ चांगले होते, पण सरळ बोलायचे. म्हणाले, "हे चाललं तर सगळे राहाल. नाही चाललं तर परत डब्या, आणि डब्यांना जुनी माणसं पुरतात." नवा फक्त मी होतो. मग त्यांनी प्रत्येकाला एकेक खोका दिला. "घरी न्या, कुणाला तरी खेळायला द्या. काय म्हणतात ते मला खरंखरं सांगा."

माझं घर म्हणजे तिकडे गावी कोसावरून पाणी आणणारी आई. खोका कुणाला देणार? दुपारची जेवणं उरकल्यावर मी तो आत्यांसमोर ठेवला आणि माझं पोट ह्याच्यावर आहे, हेही सांगून टाकलं.

"मंग नीट बगाया पायजे," म्हणत त्यांनी सूप घेतलं. सगळ्या विटा सुपात ओतल्या आणि तांदूळ निवडावेत तशा निवडायला बसल्या. एकेक वीट दुसरीवर दाबून बघायच्या, उपटायच्या. "ही घट हाय. ही बी घट. ह्या दोगी मातर नांदायच्या न्हाईत, सैल हायेत." त्या दोन बाजूला पडल्या. मग त्यांनी चित्र हातात घेतलं.

"ह्ये काय हाय?"

"चंद्रावरचं ठाणं, आत्या."

"बरं. पानी कुटं हाय हितं?"

"चंद्रावर पाणी नसतं."

आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते सांडून आलो होतो. "आरं, पानी न्हाई तितं ठानं कोन बांधतंय? आमच्या गडावर बग. आदी टाकं, मंग दरवाजा."

भाऊ भिंतीला टेकून विडी ओढत होते. "आत्या, तितं वॅगननं पानी जातंय. मीच हिरवा बावटा दावतो रोज."

"तू गप. तुला हितली गाडी येळेवर सोडाया येत न्हाई."

मी हसलो, पण मला गाव आठवलं. आमच्या गावातही घरं होती, दरवाजे होते, पाणीच काय ते नव्हतं. आणि तिथून उठून मी इथं आलो होतो.

आत्यांनी चित्र उपडं घातलं आणि स्वतःच्या मनानं बांधायला घेतलं. लहानपणी गडाच्या पायथ्याला राहिलेली बाई, तिच्या हातून दुसरं काय होणार? तटबंदी उभी राहिली, तिला बुरूज आला. गाडी मोडून दोन चाकं एकावर एक ठेवली, "ह्ये जातं." घुमट उलटा करून तटाच्या आत बसवला आणि तांब्यातलं घोटभर पाणी त्यात ओतलं. टोपवाला माणूस दरवाजात उभा केला. लांब होऊन बघितलं आणि म्हणाल्या, "आता ऱ्हाईल ह्यो."

मला पंचाईत पडली. शेठना काय सांगू? चंद्रावर तुम्ही जातं विसरलात म्हणून?

सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून शेडच्या दारात हजर. हातात पितळी ताट, त्यावर वाण झाकावं तसा रुमाल. रुमाल काढला तर तो गड, टाक्यातल्या पाण्यासकट. शेठ उठून उभेच राहिले.

"इटा ब्येस हायेत," आत्या म्हणाल्या. "दोन सैल हायेत, त्येवड्या नीट करा. टाकं मी केलंय."

"आत्या, चंद्रावर पाणी नसतं हो."

"ह्यो बी तेच म्हनला. तर ऱ्हाऊ द्या, त्ये तुमचं तुमी बगा. पन मानूस येकच का घातला?"

"एकच गेला, असं दाखवलंय."

"येकटं मानूस येवड्या लांब धाडू न्हाई, शेठ. बोलाया कुनी नसलं तर त्येला जेवान जात न्हाई. दोन घाला."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे चुकूनही बघितलं नाही. मी मान खाली घालून कडा छाटत राहिलो.

शेठनी दरवाजातला माणूस बोटानं सरकवून शेजारी जागा करून बघितली. मग हसले. "माणसाचा साचा आहेच. दोन घालू."

खेळणं बाजारात गेलं. उन्हाळ्यात हवा खायला आलेली मंडळी खोका हातात घेत, चित्र बघत आणि परत ठेवून चिक्की नेत. मी रोज संध्याकाळी बाजारातून चक्कर मारायचो. दुकानातली चवड तेवढीच दिसायची. रात्री जेवण उतरेना. "आजून वापरात न्हाई आलं त्ये. थांब जरा," आत्या म्हणायच्या. मग दिवाळी तोंडावर आली आणि पोरांनी अंगणाअंगणात मातीचे किल्ले घातले. आळीतल्या कुण्या पोरानं आत्यांनी परत आणून फळीवर ठेवलेला गड बघितला होता. टोपवाला माणूस मातीच्या मावळ्यासारखा मोडत नाही, आणि खोक्यात दोन निघतात, दरवाजाच्या दोन्ही अंगांना एकेक! त्या दिवाळीत भांगरवाडीपासून वळवणपर्यंत अळीव उगवलेल्या किल्ल्यांवर चंद्रावरची माणसं पहारा देत होती. चवड संपली. शेठनी पुन्हा साचा लावला. डब्यांचं नाव निघालं नाही आणि मी राहिलो.

राहिलो म्हणून यंत्र चालवायला शिकलो, साचे बसवायला शिकलो. काही वर्षांनी बडोद्याकडच्या मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं. निघताना आत्यांच्या पाया पडलो. त्यांनी फळीवरच्या गडाकडे हात नेला. शेठनी त्यांच्या गडासाठीही दुसरा माणूस दिला होता. दोघांतला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो तुज्यासंगं. त्यो हितं. आनि नव्या जागी आदी पानी कुटं हाय त्ये बग, मंग वळकटी सोड."

मी तसंच करत आलो. बडोद्यात, मग आणखी पुढे, प्रत्येक खोलीत आधी नळ सोडून बघितला आणि मग खिशातला तो माणूस खिडकीत उभा केला. परक्या भाषेत दिवस काढून आल्यावर कुणीतरी बरोबर आहे असं वाटायचं. जेवण जायचं.

आत्या गेल्याचं मला उशिरा कळलं. पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पुतण्याची बायको चुलीपाशी होती. मला बघून तिनं आधी ताट मांडलं. फळीवर गड तसाच होता. विटांचा रंग उडालेला, दारात एकटा पहारेकरी. उलट्या घुमटात मात्र पाणी होतं, स्वच्छ, त्याच दिवशीचं.

"रोज सकाळी बदलते," ती म्हणाली. "आत्या सांगून गेल्यात, टाकं कोरडं पडू द्यायचं न्हाई."

मी खिशातून माझा माणूस काढला. वाटलं, आता ह्याला त्याच्या जागेवर उभं करावं, दोघं एकत्र राहू देत. हात तटापर्यंत गेलाही होता.

"नगं भावजी," ती म्हणाली. "म्या बी त्यांना इचारलं व्हतं, दुसरा कुटं हाय म्हनून. तर म्हनल्या, त्यो उस्मानाबादच्या सोबतीला लांब कामावर हाय, त्येला आत घिऊ नगंस."

मी मूठ मिटली. तिनं न विचारता आणखी एक भाकरी वाढली.