दुधी उजेडाचं पातं

“मॅडम, तुमचं हे प्लॅस्टिक म्हणजे लग्नातली पत्रावळ. जेवलं की फेकलं.”

“आणि तुमचं स्टील म्हणजे सासूची परात, सिस्टर. घासून घासून सुनेचे हात गेले.”

“पोचे पडले तरी कणीक मळता येते हो त्यात!”

सोलापुरातल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात हे भांडण रोज सकाळी रंगायचं. मी भूलतज्ज्ञ, समोर इन्चार्ज सिस्टर. श्वास अडलेल्या माणसाच्या घशात नळी घालायची, तर आधी वाकड्या पात्यानं जीभ उचलून आत उजेड पाडावा लागतो. सिस्टरांची पाती स्टीलची, निर्जंतुक करून पुन्हा वापरायची. मी हट्टानं एकदाच वापरायची प्लॅस्टिकची मागवली. काचेच्या बांगडीसारखी आरपार. दिव्याचा उजेड त्यांच्या अंगातून वाहत टोकाशी जाऊन थांबायचा. मी प्रेमातच पडले होते म्हणा ना.

मग ती एप्रिलमधली दुपार. बाहेरचा रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता, पंखासुद्धा पेंगत होता. मोहोळकडचा एक माणूस आला. चिंचेवर चढला होता, मधमाश्यांनी फोडून काढला. ओठ सुजलेले, इंजेक्शनं देऊनही घसा मिटत चाललेला. दाराशी बायको, हातात त्याच्या चपला.

मी ऐटीत पाकीट फाडलं, पातं आत घातलं. आणि समोर धुकं! दुधी, मऊ, कुठल्याशा स्वप्नातलं. पातं जिभेखाली वाकत होतं. घटत्या प्राणवायूबरोबर मॉनिटरचा आवाज खाली खाली उतरत होता आणि मी त्या धुक्यात वाट शोधत उभी. नजर न हलवता मी हात पसरला.

“सिस्टर, परात!”

गार स्टील तळहातावर टेकलं. लख्ख उजेड पडला. सुजलेल्या लाल गुहेच्या तळाशी स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, नाटकाच्या पडद्यासारख्या जेमतेम उघडलेल्या. मधून नळी सरकली. छाती वर आली. दाराशी चपला खाली पडल्याचा आवाज झाला.

नंतर पाकीट उलटं केलं, तर मागे चिकटपट्टी. अगदी सुबक.

वॉर्डातल्या मावशी पुढं आल्या. “म्याडम, म्या धुतलं की ते. उकळत्या पान्यात घालून, परत पाकिटात भरलं. येवढी चांगली वस्तू, एकदाच वापरून टाकायची व्हय? जिवावर आलं.”

मी तरी कुठल्या तोंडानं रागावणार? घरी माझ्या कपाटात श्रीखंडाचे रिकामे डबे छताला टेकलेत. शिवाय नवं पातं मी सगळ्या डॉक्टरांना मिरवून दाखवलं होतं. ते कचऱ्यात नेणाऱ्या बाईला मात्र एका शब्दानं सांगितलं नव्हतं, की उकळलं की हे आंधळं होतं.

“मानूस हाय न्हवं?” मावशींनी हळूच विचारलं.

“आहे.”

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

आता रोजच्याला स्टील. संसर्गाची शंका असेल तिथं प्लॅस्टिक, आणि वापरलं की मावशींनीच कात्रीनं त्याचे दोन तुकडे करायचे. कापताना त्या डोळे मिटून घेतात.

ते दुधी पातं मात्र कात्रीपर्यंत पोचलंच नाही. स्वच्छ करून मी ते पर्समधून पळवलं. सध्या माझ्या खिडकीत असतं; संध्याकाळचं ऊन त्यात शिरतं आणि बाहेर पडायची वाट विसरतं. सिस्टरांना सांगू नका.